मधला तुकडा

माघ सरत आला की नाशिकच्या रस्त्यांना द्राक्षांचा वास येऊ लागतो. पिकल्या मण्यांचा गोडसर वास, त्यात नव्या पुठ्ठ्याचा आणि गंधकाच्या पावडरीचा कडवटपणा मिसळलेला. परवा आडगाव नाक्यावर क्रेट भरलेल्या एका पिकअपच्या मागे माझी स्कूटर थांबली आणि सिग्नल सुटला तरी माझं लक्षच नव्हतं. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. “मॅडम, झोपल्या का?”

झोपले नव्हते. सायखेड्याला गेले होते.

त्याच संध्याकाळी एका अनोळखी माणसाची मेल आली. जुन्या फोटोंचा शौकीन असावा. आमच्या संग्रहातला सायखेड्याचा फोटो त्याने कॉम्प्युटरवर पाहिला होता. ‘फोटो तीन तुकड्यांत आहे. हल्ली असं काही दोन मिनिटांत जोडता येतं. मी फुकट जोडून देतो. देऊ का?’

मी लिहिलं, ‘नको, आभार.’ मग वाटलं, एवढ्या चांगल्या मनाने विचारणाऱ्याला नुसतं ‘नको’ म्हणणं बरं नाही. त्याला सांगायला हवं. सांगायला बसले तर पत्रात मावेना.

हा फोटो सापडला त्या वर्षी मी इतिहासात एम. ए. करून घरी बसले होते. पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या बोळात, एका लहानशा संस्थेने जिल्ह्यातले जुने फोटो जमवायचं काम काढलं होतं. वर जिना, जिन्याखाली मेथी-कोथिंबिरीचे ओले ढीग, आणि वर एका खोलीत आम्ही तिघं. संस्था चालवणारे सर, निवृत्त शिक्षक. कॉम्प्युटरचं सगळं बघणारा सुहास. आणि मी. लोकांकडून फोटो आणायचे, स्कॅन करायचे, परत द्यायचे, असं ठरलं होतं. पण लोक फोटो द्यायला तयार नसत, आणि त्यांचं बरोबरच होतं. भिंतीवरून आजोबा काढून एका अनोळखी मुलीच्या पिशवीत कोण घालेल? मग आम्हीच स्कॅनर घेऊन गावोगाव जायला लागलो. गोधडीत गुंडाळलेला स्कॅनर मांडीवर घेऊन मी एसटीत बसले की कंडक्टर हसून विचारायचा, “ह्याचं हाफ तिकीट घ्यायचं का?”

फोटो बघायचे म्हणजे चेहरे बघायचे, असं तोवर मला वाटत होतं. त्या हंगामात कळलं की फोटो आधी हाताला लागतो. कुणाचा पुठ्ठा दमट, कुणाचा चुलीच्या धुराने पिवळा आणि कडक. काही फोटो काचेला असे चिकटलेले, की काच काढली तर आजीचा गाल काचेबरोबर यावा. एका फोटोतल्या पैलवानाच्या पायाशी रोज टेकवलेल्या अंगठ्याचा तेलकट डाग होता. एकाच्या पाठीवर पोरांनी पाढे लिहिले होते. हे सगळं मी सरांना उत्साहाने सांगायची, तर ते चष्मा वर करून म्हणायचे, “आपल्याला चित्र पाहिजे गं. पुठ्ठा, डाग, वाळवी कशाला?” सुहास मग कडा कापायचा, डाग पुसायचा, माणसं स्वच्छ करायचा. त्याचं काम सुरेख होतं. त्याने साफ केलेली माणसं कालच स्टुडिओतून बाहेर पडल्यासारखी दिसायची.

सायखेड्याला गेलो ते ऐन द्राक्षतोडणीत. गोदावरीचं पाणी उतरलेलं, घाटाच्या पायऱ्यांवर गोधड्या वाळत घातलेल्या, आणि रस्त्यावरून क्रेट घेऊन जाणाऱ्या गाड्यांची रीघ. पुंजाआप्पांचं घर नदीच्या अंगाला होतं. आप्पा साठीच्या अलीकडचे, उंच, कमी बोलणारे. त्यांनी फ्रेम स्वतः भिंतीवरून उतरवली, उपरण्याने पुसली आणि माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली. फेटा बांधलेला, मिशा पिळलेला एक माणूस. अंगात कोट. मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा: बाग, खांब, जिन्याचा कठडा.

“माझे वडील,” आप्पा म्हणाले. “कोट स्टुडिओचा व्हता म्हनं. फेटा मातुर आमचाच.”

“शेजारच्या घरीही असेल का काही जुना फोटो?”

“तिकडचं तिकडं इचारा.”

शेजारचं घर त्यांच्या धाकट्या भावाचं, किसनभाऊंचं. दोन अंगणांच्या मध्ये विटांची भिंत होती. तिचं एका बाजूचं प्लास्टर पोपटी, दुसऱ्या बाजूचं गुलाबी. किसनभाऊ बोलके, मोकळे. त्यांच्या बायकोने चहा केला, वाटीभर द्राक्षं पुढे ठेवली. त्यांच्या भिंतीवर नऊवारीतली, नथ घातलेली एक तरुण बाई होती. काचेवर कपाळाच्या जागी रोजचं कुंकू. “आमची आई,” ते म्हणाले. “तिचा एवढाच फोटो हाय. पुन्हा कुठं काढला नाय तिचा.” दोन्ही फोटो आम्ही काचेसकट स्कॅन केले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

दुसऱ्या दिवशी सुहासने मला हाक मारली. “अगं, हे बघ. पडदा एकच आहे. हा एकच फोटो आहे!”

खरंच होतं. एका फोटोतला कठडा दुसऱ्या फोटोत पुढे जात होता. सुहासने दोन्ही भाग शेजारी ठेवले, थोडे वर-खाली केले, कठडा नीट जुळेना तिथे इकडची दोन पानं, तिकडचा एक खांब घेऊन जागा भरली. संध्याकाळपर्यंत नवरा-बायको खांद्याला खांदा लावून उभे होते. सर खुर्चीतून उठून आले आणि बराच वेळ बघत राहिले. पाडव्याला आमचं प्रदर्शन होतं. “हाच मोठा करा,” ते म्हणाले. “दारातच लावू. फाटलेलं कुटुंब संस्थेने जोडलं!”

मलाही आनंद झाला होता. पण रात्रभर एक गोष्ट टोचत राहिली. वडिलांची बाही कडेशी येऊन संपत होती. तिच्या पुढचा हात कुठे होता? आईचा कोपरही दुमडून कडेकडे गेला होता आणि तिलाही पुढे हात नव्हता. इतकी जवळ उभी राहिलेली दोन माणसं, आणि दोघांचा एकेक हात नाही.

मी एकटीच परत गेले. आप्पांना विनंती केली, फ्रेमच्या मागच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, उपसून फोटो बाहेर काढू द्या. ते पक्कड घेऊन आले. पुठ्ठ्यावरचा फोटो मी दारातल्या उन्हात तिरका धरला आणि खालच्या बाजूला अक्षरं उमटली. शाई नव्हती, नुसता दाबून काढलेला उठाव: ‘गोदावि’. स्कॅनरचा उजेड सरळ पडतो, म्हणून त्याला ही अक्षरं दिसलीच नव्हती. बोटाला मात्र लगेच लागली. भिंतीपलीकडे जाऊन आईचा फोटो पाहिला. तिथे खाली ‘डिओ’ एवढंच होतं. गोदाविलास फोटो स्टुडिओ, हे नाव मी दुसऱ्या फोटोंवर पाहिलेलं होतं. मधली बरीच अक्षरं नव्हती, म्हणजे मधला बराच फोटो नव्हता.

आणखी एक गोष्ट दिसली. भांडणात फाडलेल्या कागदाची कड वेडीवाकडी असते. ही कड तशी नव्हती. कुणीतरी अगदी सावकाश, कुणाच्या चेहऱ्याला धक्का न लावता कापलं होतं. कात्रीचं पातं आखूड असावं, कारण बोटाबोटाच्या अंतरावर कडेला बारीकशी पायरी पडलेली होती. तेवढ्या वेळा कात्री थांबली होती आणि पुन्हा पुढे गेली होती.

“आप्पा, मध्ये कोण होतं?”

आप्पांनी फोटो फ्रेममध्ये ठेवला, चुका ठोकल्या, फ्रेम भिंतीला लावली. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, “अक्काला इचारा. निफाडला ऱ्हाती.”

निफाडला त्या दिवशी इतकी थंडी होती की ऊन अंगावर घ्यायला सगळं गाव बाहेर बसलं होतं. ठकूअक्काही ओट्यावरच होत्या. दोन्ही भावांच्या थोरल्या बहीण. ठेंगण्या, काटक, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. मी आले ते कशासाठी, हे ऐकल्यावर त्यांनी मला आत नेलं. खिळ्याला टांगलेला लाकडी आरसा काढला आणि उलटा केला. आरशाच्या मागे, दोन पट्ट्यांच्या आधाराने, फोटोचा उभा तुकडा खोवलेला होता.

स्टुलावर उभी असलेली एक परकरी पोर. डोळे विस्फारलेले, ओठ घट्ट मिटलेले. तिच्या एका खांद्यावर कोटाच्या बाहीतून आलेला एक मोठा, राकट हात. दुसऱ्या खांद्यावर बांगड्या भरलेला एक बारीक हात.

“ही मी,” अक्का म्हणाल्या. “हे दोघं तवा जन्मले पण नव्हते. रामाच्या रथाला नाशिकला गेलतो, तवा काढला.”

मग त्यांनी सांगितलं. आई आधी गेली, मागून वडील. वाटण्या झाल्या. जमिनी वाटल्या, बैल वाटले, विहिरीच्या पाळ्या ठरल्या. सगळं चार माणसांत, शहाणपणाने. आणि मग भिंतीवरच्या फोटोवर गाडी अडली. फोटो एकच. आप्पा म्हणाले, मी थोरला, माझ्याकडे राहील. किसनभाऊ म्हणाले, आईचं शेवटचं आजारपण मी काढलं, माझ्याकडे राहील. शब्दाला शब्द वाढला, गल्ली गोळा झाली. शेवटी एक जण म्हणाला, मग गोदेत टाकतो, कुणालाच नको.

“कोण म्हणालं तसं?” मी विचारलं.

“ते कशाला पायजे तुला? दोघं माझेच हायेत.” अक्कांनी उलटा आरसा मांडीवर घेतला. “मी तिथंच व्हते. बायका द्राक्षाची विरळणी करून आल्या व्हत्या, त्यांच्या कात्र्या ओट्यावर पडल्या व्हत्या. एक उचलली. फोटो मांडीवर घेतला. म्हनलं, कोणी हात लावू नका आता. सगळी गल्ली गप. कर्रकर्र आवाज तेवढा. थोरल्याला बाप दिला, धाकट्याला आई दिली. मधली मी उरले, मी मला घेतलं.”

“वाईट नाही वाटलं?”

त्या हसल्या. आरसा पुन्हा सरळ करून खिळ्याला लावला. “वाटलं ना. पण बघ की, त्यांच्याकडं एकेकच हाय. माझ्या खांद्यावर दोघांचे हात हायेत.”

त्या दिवशी परत येताना एसटीच्या खिडकीतून बागा बघत बसले होते. ओळीने वेली, ओळीने तारा. मनात एकच ठरत होतं: हे जोडायचं नाही. जोडलं तर कात्री पुसली जाईल, मांडी पुसली जाईल, गप्प झालेली गल्ली पुसली जाईल. सुहासच्या चित्रात नवरा-बायको जवळ आले होते, पण मधली पोर नाहीशी झाली होती. जोडून दिसणारं ते घर कधी असं नव्हतंच. आणि तीन तुकडे तीन वेगळ्या फाइलींत टाकले, तर ते तीन अनोळखी फोटो होतील. ते एका वेळी, एका काचेवर, मध्ये जागा सोडून ठेवायला हवेत, कापल्या कडा दिसतील असे.

सरांना हे पटवायला दोन चहा लागले. “तुकडे बघायला कोण येणार?” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. शेवटी म्हणाले, “जा, करून बघ. नाहीतर सुहासचं आहेच.”

अक्कांना निरोप धाडला. त्या तयार झाल्या, पण अट घातली. ना ह्याच्या घरी, ना त्याच्या. गावातल्या एका बागाईतदाराची पॅकिंगची शेड होती, तिथे. आणि ज्याने त्याने आपला तुकडा स्वतः घेऊन यायचं.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. पाडव्याच्या प्रदर्शनात तीन तुकडे तीन तुकडेच लागले. सर पहिल्या दिवशी खट्टू होते. दुसऱ्या दिवशी एक बाई त्या फोटोसमोर रुमालाने डोळे टिपत उभ्या होत्या, ते त्यांनी पाहिलं आणि मग येणाऱ्या प्रत्येकाला तेच समजावून सांगायला लागले, जणू कल्पना त्यांचीच. मला त्यात काही वाटलं नाही. तिन्ही घरांना आम्ही छापील प्रती दिल्या. दोन अंगणांमधली भिंत काही पडली नाही; मी शेवटची गेले तेव्हाही तिचं पोपटी आणि गुलाबी प्लास्टर तसंच होतं. बांधाचं भांडणही चालूच होतं म्हणे. पण आप्पांच्या घरात वडिलांच्या शेजारी आमची प्रत लावलेली होती, आणि किसनभाऊंच्या घरी आईच्या शेजारी. अक्कांनी प्रत सुनेला दिली. त्यांचा तुकडा त्यांनी आरशामागे परत खोवून ठेवला होता. “ती नवी लय मोठी हाय,” त्या म्हणाल्या. “ही मला पुरती.”

पण मला आठवतो तो शेडमधला दिवस.

पत्र्याची लांबलचक शेड. एका बाजूला क्रेटच्या थप्प्या, खाली कागदाच्या कात्रणांचा सडा. घड निवडणाऱ्या बायका जेवायला गेल्या होत्या. मी निवडणीच्या टेबलावर काळा कागद पसरला. आप्पा आले, आपली पिशवी उघडून फ्रेमबाहेर काढलेले वडील ठेवले आणि दाराजवळ जाऊन बसले. किसनभाऊ आले, आई ठेवली आणि पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. अक्कांनी पदराच्या गाठीसारखा जपून आणलेला आपला तुकडा मधे ठेवला. मी तिन्ही सरळ केले, मध्ये बोटभर जागा सोडली, स्कॅनरची वायर लावली. आणि लाइट गेली.

“भारनियमन,” किसनभाऊ छताकडे बघत म्हणाले. “आता कवा येती, देव जाणे.”

स्कॅनर लाइटशिवाय चालत नाही. बसण्यावाचून इलाज नव्हता. अक्का एक क्रेट पालथा घालून मधोमध बसल्या. मग किसनभाऊंनी घसा साफ केला.

“अक्का, त्याला म्हनावं, बांधावरची बाभूळ तोडली ती काय बरी नाय केली.”

“त्याला सांग,” आप्पा दाराबाहेर बघत म्हणाले, “वाळली व्हती ती.”

“मी काय टेलिफोन हाय का?” अक्का म्हणाल्या, आणि मला हसू आवरेना. दोघा भावांच्या चेहऱ्यावरही काहीतरी हललं, पण ते लगेच पुसलं गेलं.

मग अक्का माझ्याकडे बघत बोलायला लागल्या. मला सांगत होत्या, पण आवाज थोडा मोठा ठेवून. “बापाला कळंना, हात कुठं ठिवायचे. कधी मोकळे ठिवलेच नव्हते ना त्यांनी हात. फोटोवाला म्हनला, पोरीच्या खांद्यावर ठिवा. बापाचा हात असा जड, नांगराच्या मुठीसारखा. आन् आईचा हात हलका, ठिवला न ठिवल्यासारखा. चार परक्या लोकांत नवऱ्याशेजारी कधी उभीच राह्यली नव्हती ती. तिच्या बांगड्या माझ्या मानेला गार लागत व्हत्या. मला हलायचं नव्हतं, म्हनून मी श्वासच कोंडला. बघ कशी दिसतीय.”

शेडमध्ये वाळल्या पानांची सळसळ तेवढी चालू होती. कुठे लांब ट्रॅक्टर सुरू झाला आणि बंद पडला. दोघे भाऊ ऐकत होते. त्यांनी आई-बापांच्या ह्या गोष्टी आधी कधी ऐकल्या होत्या की नाही, मला माहीत नाही.

पंखा फिरला, बल्ब लागले, स्कॅनरचा हिरवा दिवा पेटला. मी उठले आणि पहिला तुकडा काचेवर पालथा ठेवायला हात पुढे केला.

“थांबा जरा, बाई.”

आप्पा टेबलाशी आले होते. ते खाली वाकले. वडिलांकडे त्यांनी पाहिलं नाही, अक्काकडेही नाही. इतकी वर्षं भिंतीपलीकडे टांगलेल्या त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. बोट पुढे नेलं, पण लावलं नाही.

“हिला खळी व्हती का?” त्यांनी विचारलं. अक्काला विचारलं नव्हतं.

किसनभाऊ कधी उठून आले, मला कळलंही नव्हतं. “डाव्या गालाला,” ते म्हणाले. “अशी नाय दिसायची. सकाळचं ऊन आलं की दिसती.” त्यांनी फोटोचा तुकडा उचलला, बल्बखाली तिरका धरला. “ही बघ.”

आप्पांनी पाहिलं. मग किसनभाऊ वडिलांच्या तुकड्याकडे बघत म्हणाले, “हे असेच रागीट दिसायचे का सदा? मला नीट आठवत नाय आता.”

“रागीट कुठं?” आप्पांनी वडिलांचा तुकडा उचलून भावासमोर धरला. “मी रोज बघतो ना. हसू दाबलंय त्यानं. मिशीच्या टोकाला बघ. तिथं नाय, इकडं. दिसलं?”

“हा. हा, दिसलं.”

जेवून आलेल्या बायका दारात थबकल्या होत्या. अक्का क्रेटवरून उठल्या आणि मला म्हणाल्या, “पोरी, उरकून घे लवकर, लाइट जाईल परत.”

“जाऊ दे, अक्का,” मी म्हणाले, आणि पुन्हा खाली बसले.